तिसरं ऊन

सांडगे मंडळात शिरायचं तर तीन उन्हं खावी लागतात, हे हम्मादला सौदीतल्या या विद्यापीठात आल्याच्या पाचव्या दिवशी कळलं. मंडळ म्हणजे इथल्या मराठी विद्यार्थ्यांची टोळी. विद्यापीठाच्या वेबसाइटवर बुद्धिबळापासून स्कूबा डायव्हिंगपर्यंत सदतीस क्लबांची यादी होती. हम्मादने ती दोनदा मोजली. मंडळाचं नाव तिच्यात नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी हरीश नावाच्या सीनियरच्या घरी जेवण आणि अडल्यानडल्याला एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं, एवढाच मंडळाचा कारभार. जुने सभासद ते सांडगे. नवा आला की तो ओला. ओला तसाच डब्यात भरला तर बुरशी धरते, म्हणून आधी वाळवायचा.

पहिलं ऊन, सगळ्यांना एकट्याने रांधून वाढायचं. हम्मादने अम्मीला फोनवर विचारून विचारून सुरमईचं कालवण केलं. मीठ कमी पडलं, पण पातेलं रिकामं झालं. दुसरं ऊन खरोखरीचं होतं: दुपारी दोन वाजता लोकरीची टोपी घालून क्रिकेटच्या मैदानाला एक फेरी. हम्मादने खिशात प्रयोगशाळेतला थर्मामीटर ठेवला होता आणि फेरी संपल्यावर धापा टाकत "चव्वेचाळीस पॉइंट दोन" असं जाहीर केलं. सगळे इतके हसले की हरीशने तिथल्या तिथे त्याला अर्धा सांडगा करून टाकलं.

हम्मादला पूर्ण व्हायचं होतं. एखाद्याला तहान लागावी तसं व्हायचं होतं. तो सौदीतच, हफ्र अल बातिनला जन्मला, तिथल्या भारतीय शाळेत बारावी झाला. वर्गात केरळची आणि हैदराबादची मुलं. मराठी एकटा तोच. पुण्याला पाच वर्षं काढली, तिथे हॉस्टेलवर त्याचं नाव पडलं 'अरब'. दापोलीजवळच्या गावी जावं तर चुलते विचारायचे, "पाहुणे किती दिवस आहेत?" आता बावीस ऑगस्टला विद्यापीठाने त्याच्या नावाचा वेगळा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढून दिला, लेसरच्या प्रयोगशाळेत टेबल दिलं, पण त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा. शेजारच्या कोरियन मुलीने एकदा नम्रपणे विचारलं होतं, की भूकंपमापक इकडेच आहे का.

घरचंही डोक्यात होतं. त्याचे अब्बा, नूरुद्दीन परकार, चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं काचा घासत होते. नोव्हेंबरपासून चष्म्याच्या दुकानांत सौदी माणसं ठेवावी लागणार, असा हुकूम निघाला होता.

"ठेवलाय माणूस," अम्मीने आदल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. "अब्बाच शिकवतात त्याला. घरी आले की गप गप असतात. तू जेवलास काय?"

"जेवलो."

"खोटं बोलू नको रे. आवाजात कळतं."

तिसरं ऊन म्हणजे फोन. शुक्रवारी जेवणानंतर मंडळाच्या समोर, स्पीकर लावून, ओळखीच्या कुणाला तरी फोन करायचा आणि तीन मिनिटं बनवायचं. मंडळातल्या रुचिराने तिच्या वेळी लॉन्ड्रीवाली बनून मंडळातल्याच सिद्धार्थच्या प्रोफेसरना त्यांचा कोट फाटल्याचं कळवलं होतं. सिद्धार्थने कुरियरवाला बनून कुणाच्या तरी पार्सलमध्ये बोकड निघाल्याचं सांगितलं होतं. बनलेल्या माणसाला पाच मिनिटांत खरं सांगायचं आणि श्रीखंडाला बोलवायचं, हा नियम. आजवर कुणी रागावलं नव्हतं.

"पण आजवर सगळ्यांनी हिंदीतच उरकलं," हरीश म्हणाला. हरीश नाशिकचा, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, मंडळाचा आपोआप झालेला अध्यक्ष. "आपल्याला पहिल्यांदाच अरबीवाला ओला मिळालाय. त्याला कुरियर काय देता? त्याला साहेब करा."

"कसला साहेब?"

"जवाजातचा," सिद्धार्थ म्हणाला. "पासपोर्ट ऑफिसातला, इकामा तपासणारा. जमते काय बे तुले?"

हम्मादला जमत होतं. फार चांगलं जमत होतं. अब्बांची अरबी ऑफिसात गेली की अडखळायची, म्हणून दहाव्या वर्षापासून तो त्यांचं बोट धरून त्या खिडकीशी उभा राहिला होता. साहेब नाव विचारत नाही, आधी नंबर विचारतो, हे त्याला ठाऊक होतं. नंबर ऐकून झाला की साहेब काही सेकंद काहीच बोलत नाही, आणि त्या सेकंदांत माणूस आपणहून घामेजतो, हेही त्याने पाहिलं होतं.

"कुणाला करायचा?"

रुचिरा म्हणाली, "तुकाराममामांना करा. मामा मस्करीतले आहेत. मागे मला म्हणाले, ताई, तुमचा मासा काल इंग्रजी बोलला."

रुचिरा सांगलीची, समुद्री जीवांवर काम करणारी. तुकाराम तिच्या प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या धुणारा कंत्राटी कामगार, शिराळ्याकडचा, पंचेचाळिशीचा. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर कामगारांचा कॅम्प होता, तिथे राहायचा. हम्मादने त्याला फक्त लांबून पाहिलं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी हम्मादने फोन लावला. आठ माणसं सतरंजीवर श्वास धरून बसली.

"इकामा नंबर," हम्माद अरबीत म्हणाला. सलाम नाही, काही नाही.

पलीकडून दहाच्या दहा आकडे आले, न अडखळता, पाढा म्हणावा तसे. हम्माद गप्प राहिला. मनात चारपर्यंत मोजलं. सिद्धार्थने तोंडात उशी कोंबली.

"तू तुझ्या कफीलकडे का नाहीस?"

हा प्रश्न त्याने ठरवलेला नव्हता. खिडकीतले साहेब ज्याला त्याला विचारायचे, तसा तो जिभेवर आला. कफील म्हणजे ज्याच्या नावावर परक्या माणसाचा इकामा असतो तो मालक. पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"उद्या सकाळी दहा वाजता कफीलसमोर हजर. माणूस तपासायला येईल. नसलास तर खलास."

"हाजिर," पलीकडचा आवाज म्हणाला. फोन बंद झाला.

सतरंजीवर हलकल्लोळ उडाला. हरीशने हम्मादला मिठीच मारली. "अरे, माझीच टरकली! मी मनातल्या मनात माझा नंबर म्हणायला लागलो होतो!" कुणी टाळ्या पिटल्या, कुणी श्रीखंडाचा डबा काढला. हम्माद हसत होता. आपल्या हसण्याला सात जण हसतात, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात नवी होती.

तीन पंचविसाला रुचिराने मामांना खरं सांगायला फोन लावला. बंद. तीन एकोणतीसला पुन्हा लावला. बंद.

"चार्जिंग संपलं असेल," हरीश म्हणाला.

"आत्ता तर बोलले."

"मग झोपले असतील. शुक्रवार आहे. श्रीखंड वाढा रे."

हम्मादच्या पायाने पुन्हा हलायला सुरुवात केली. "त्यांनी सिम काढलंय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"अब्बांच्या दुकानातला हैदराबादी असंच करायचा. ऑफिसातून फोन आला की सिम काढून ठेवायचा. सिम आपल्या बोटाच्या ठशावर असतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते त्यांना दिसतं, असं सगळ्यांना वाटतं." तो उठला. "मी कॅम्पवर जाऊन येतो."

"उन्हात? अरे, दुसरं ऊन झालंय तुझं!" सिद्धार्थ ओरडला, आणि पुन्हा हशा पिकला. या वेळी हम्मादला हसू आलं नाही. त्याच्यामागून रुचिरा चपला घालून बाहेर आली.

कॅम्पच्या फाटकाशी तुकारामच्या खोलीतला रमेश कपडे वाळत घालत होता. रुचिराला पाहून त्याने बनियनवर घाईने शर्ट चढवला.

"मामा कुठायत, रमेशदादा?"

"बाहेर गेलेत."

"बाहेर कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर." त्याने हम्मादकडे बघितलं. "हे कोण?"

रमेश काही सांगणार नाही, हे हम्मादला दिसत होतं. सांगण्यासाठी त्याला आधी काहीतरी मिळायला हवं होतं, आणि देण्यासारखं हम्मादकडे एकच होतं.

"मामांना आलेला फोन खोटा होता," तो म्हणाला. "मी केला होता. गंमत म्हणून."

रमेशच्या हातातली चादर खाली वाळूत पडली. तो ती उचलायला वाकला नाही.

"तुकारामचा इकामा इथला नाय," तो हळू आवाजात म्हणाला. "खर्ज गावचा आहे. तिकडच्या दूधडेअरीच्या मालकाचा. सहा वर्षं बैलागत राबून गाया पिळल्या त्यानं तिथं. मग मालकानंच सांगितलं, काम कमी झालंय, बाहेर कुठंतरी बघ. हा इकडं कंत्राटदाराकडं उसना आला. कागदावर खर्ज, अंगानं इथं. निम्मा कॅम्प तसाच आहे. आता मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला, की साहेबानं बोलावलंय, तर मालक काय करील? घाबरंल आणि त्याच दिवशी एक्झिटचा शिक्का मारून मुलखाला धाडंल. आणि इथं सहाला हजेरी असते. नसला, तर कंत्राटदार म्हणंल, कोण तुकाराम? आमच्याकडं असा कुणी नव्हताच."

हम्मादने घड्याळ पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं. खर्ज रियाधच्याही पुढे, हजार किलोमीटर. फोन खोटा होता, पण त्यातला आरोप खरा निघाला होता, आणि मामा तिकडे पोचले की उरलेलंही सगळं खरं होणार होतं.

"गेले कशाने?"

"पाण्याच्या टँकरवर बसून हायवेच्या पंपापर्यंत. तिथनं जेद्दाच्या गाड्या सुटतात, सीट भरल्या की. जेद्दातनं रियाधची बस." रमेश रुचिराकडे वळला. "ताई, तुम्ही तरी शिकलेल्या."

रुचिराने वाळूतली चादर उचलून त्याच्या हातात दिली.

हरीशकडे गाडी होती, पण हरीशला हलायचं नव्हतं. दोघं त्याच्या घरी परतले, तर तो दारातच उभा राहून खालच्या आवाजात बोलत होता. "हे बाहेर फुटलं तर विद्यापीठ आपल्याला सोडेल का? सरकारी माणसाचं सोंग घेतलंय आपण. स्कॉलरशिप जाईल, आणि तुझी सगळ्यात आधी. थांब थोडं. येतील संध्याकाळपर्यंत."

"येणार नाहीत. मीच सांगितलंय ना, उद्या दहाला हजर राहा म्हणून."

"तू जास्तीचं बोललास. कफीलबिफील कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," हम्माद म्हणाला. हे खरंच होतं, आणि म्हणूनच त्याला उभं राहवत नव्हतं. "गाडी दे."

"तुझ्याकडे लायसन्स आहे?"

"माझ्याकडे आहे," रुचिरा म्हणाली आणि हात पुढे केला. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून तीन महिने होत होते. तिने लायसन्स घेतलं होतं, पण विद्यापीठाच्या फाटकाबाहेर अजून गेली नव्हती. हरीशने किल्ली दिली. देताना म्हणाला, "मंडळाचं नाव घेऊ नका."

हायवेवर ती स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत, शेजारी आले की वाकून बघत. "बघू देत," ती दात आवळून म्हणाली. "मला फक्त पंप आला की सांग." हम्माद दर मिनिटाला मामांचा नंबर लावत होता. बारा किलोमीटरमध्ये त्याने तो नऊ वेळा लावला.

पंपाच्या कडेला एक पांढरी व्हॅन उभी होती. ड्रायव्हर "जेद्दा, जेद्दा, एक सीट!" असं ओरडत होता. आत अकरा माणसं दाटीने बसली होती. मागच्या कोपऱ्यात, मांडीवर बॅग घेऊन, तुकाराम होता. त्याने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

रुचिराला पाहून तो दोन माणसांवरून ओणवा होत धडपडत खाली उतरला. "ताई! तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हाच्या? माशांचं रमेशला सांगितलंय मी. चार नंबरची टाकी तेवढी बघा."

"मामा, परत चला. तो फोन खोटा होता. आम्ही केला होता. मस्करी केली."

तुकाराम हसला. आजारी माणूस भेटायला आलेल्यांकडे बघून हसतो, तसा. "तुम्ही चांगल्या आहात ताई. पण साहेब होता तो. नऊ वर्षं झाली मला इथं. साहेबाचा आवाज मला कळतो."

"साहेब नव्हता, हा होता!" तिने हम्मादला पुढे ढकललं.

तुकारामने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, विद्यापीठाचा निळा टीशर्ट, सँडल. "हे? नका ओ ताई. मला जाऊ द्या. न गेलो तर जास्तच मागं लागतील." तो वळला. ड्रायव्हरने भोंगा दिला. रस्त्यापलीकडून बोचकं घेतलेला एक बंगाली उरलेल्या सीटसाठी पळत येत होता.

हम्मादला एकच पुरावा देता येत होता. त्याने खांदे मागे घेतले, आणि अरबीत म्हणाला, "इकामा नंबर."

तुकाराम जागच्या जागी ताठ झाला. बॅग हातातून खाली सरकली. तोंडातून आकडे यायला लागले, दोन, तीन, एक, आणि व्हॅनमध्ये खिडकीशी बसलेल्या तिघांचे हात एकदमच खिशांकडे गेले. बोचकंवाला बंगाली अर्ध्या रस्त्यात थबकला, मागे फिरला आणि चालू लागला. ड्रायव्हरसुद्धा भोंग्यावरचा हात काढून गप्प बसला.

चौथ्या आकड्यावर तुकाराम थांबला. हम्मादकडे बघत राहिला.

"माफ करा मामा," हम्माद मराठीत म्हणाला. मग व्हॅनकडे वळून हिंदीत आणि अरबीत दोनदोनदा सांगितलं, की काही नाही, चूक झाली, बसा, जा. कुणी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. गाडी दोन सीट रिकाम्या ठेवूनच सुटली.

तुकाराम पंपाच्या कट्ट्यावर बसला. बराच वेळ त्याने शर्टाची बाही चिमटीत धरून नीट केली.

"अरबी कुठं शिकलात?"

"हफ्रला. अब्बांबरोबर जवाजातला जायचो. त्यांना नीट बोलता येत नाही."

"काय करतात अब्बा?"

"चष्म्याच्या दुकानात आहेत. नोव्हेंबरपर्यंत."

"मग मस्करी त्यांचीच करायची होती," तुकाराम म्हणाला. "घरच्या घरी." हे त्याने न चिडता सांगितलं, पाण्याची टाकी किती भरायची ते सांगावं तसं. मग उठला आणि बॅग घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर हम्मादच्या फोनवर हरीशचा मेसेज आला. सापडले का, तिथेच मिटवा, असं लिहून खाली लिहिलं होतं: 'फोन मात्र मंडळाच्या इतिहासात एक नंबर. सगळ्यांचं एकमत. तू आजपासून सांडगा.'

"काय म्हणतोय?" रुचिराने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"मला घेतलं म्हणतोय."

"कुठं घेतलं?" मागून तुकारामने विचारलं.

हम्मादने खिडकीबाहेर बघितलं, मग घड्याळ, मग पुन्हा खिडकी. पाच सव्वीस. पाच एकतीस. पाच चाळीसला कॅम्पचं फाटक आलं. आवारात माणसं रांगेत उभी राहायला लागली होती आणि वहीवाला मुकादम खुर्ची मांडत होता. रमेशने लांबून तुकारामला पाहिलं आणि आपल्यापुढे जागा केली.

उतरताना तुकाराम हम्मादला म्हणाला, "तुम्ही जाऊ नका. थांबा इथं."

हजेरी संपेपर्यंत हम्माद फाटकाच्या सावलीत येरझाऱ्या घालत राहिला. एकोणिसाव्या नावाला तुकारामचा 'हाजिर' ऐकू आला. पुढची बासष्ट नावं होईपर्यंत तो थांबला. रुचिराने गाडीतून दोनदा विचारलं, "जायचं ना?" त्याने हातानेच नको म्हटलं.

तुकाराम बाहेर आला. फोनमध्ये सिम घालत होता. बोटं जाडी होती, सिम दोनदा पडलं.

"सिम काढायच्या आधी घरी फोन केला होता मी," तो म्हणाला. "बायकोला सांगितलं, आता बहुतेक पाठवतील परत. वाटलं, रडंल. तर हसली ओ. म्हणाली, या. पुरे झालं, या आता. पोरीला हाक मारून सांगितलं तिनं, मी फोनवर असतानाच. शेजारी सांगत सुटली असंल एव्हाना." त्याने नंबर लावला आणि फोन हम्मादपुढे धरला. "माझ्यानं तिला सांगवायचं नाय. तुम्ही सांगा. तुमचा आवाज चांगलाय."

हम्मादने फोन घेतला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. मागे कुकरची शिट्टी होत होती आणि एक मुलगी कुणाला तरी चादरी कुठे ठेवल्यात ते विचारत होती.

"अहो, तिकीट झालं का?" बाईचा आवाज आला. "कधीचं विमान?"

"वहिनी," हम्माद म्हणाला. तुकाराम समोर उभा होता, हाताची घडी घालून. "मी त्यांच्या ओळखीचा, हम्माद परकार. विद्यापीठात शिकतो. ते ठीक आहेत, इथेच उभे आहेत. दुपारी त्यांना जो फोन आला, तो साहेबाचा नव्हता. मी केला होता तो. खोटा होता."

"खोटा म्हणजे?"

"म्हणजे त्यांना कुणी परत पाठवत नाहीये."

कुकरची शिट्टी पुन्हा झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"बरं झालं की मग," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे येत नाहीत."

"नाही."

"तुम्ही कशाला केलात असा फोन?"

हम्मादला उत्तर माहीत होतं. ते एका वाक्यात मावत होतं, त्यात मंडळाचं नाव येत होतं. त्याने ते नाव घेतलं, आणि तिला काहीच समजेना, म्हणून पहिल्या उन्हापासून सगळं सांगायला सुरुवात केली.